पगारपत्रकाच्या पलीकडचा हिशेब

दर वर्षी फेब्रुवारी-मार्च महिने आले की अर्थसंकल्पांचे दिवस सुरू होतात. राज्याचा अर्थसंकल्प विधिमंडळात मांडला जातो आणि त्याच सुमारास महानगरपालिकांची अंदाजपत्रकेही सादर होतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आस्थापना खर्च वाढल्याची बातमी हमखास असते आणि सकाळच्या विरार लोकलमध्ये तिची चर्चाही रंगते. कर आम्ही भरायचा आणि पगार त्यांनी घ्यायचा, असे कुणीतरी म्हणतो आणि आजूबाजूचे माना डोलावतात. त्याच गर्दीत उभा असलेला दुसरा प्रवासी मात्र मंत्रालयात, मुंबई महापालिकेत, रेल्वेत किंवा एखाद्या शासकीय रुग्णालयात कामावर निघालेला असतो. वसई, नालासोपारा, विरार परिसरातील कितीतरी मध्यमवर्गीय घरांत कर भरणारा आणि शासकीय वेतन घेणारा एकाच पंगतीला जेवतो. त्यामुळे हा विषय ‘ते’ आणि ‘आम्ही’ अशा भाषेत बोलण्याचा नाही. शासनाच्या तिजोरीतला पैसा वेतनावर व कार्यालयांवर का खर्च होतो, तो दर वर्षी का वाढतो आणि त्याच्या बदल्यात समाजाला काय मिळते, याचा शांतपणे विचार व्हायला हवा.

प्रथम या खर्चाचे आकारमान पाहू. २०२५-२६ या वर्षाच्या महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात महसुली जमा सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी रुपये अंदाजण्यात आली. त्यांपैकी वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज या तीन बाबींसाठी सुमारे ३ लाख १२ हजार कोटी रुपये बाजूला काढावे लागणार होते. म्हणजे तिजोरीत येणाऱ्या रुपयातले पंचावन्न पैसे वर्ष सुरू होण्यापूर्वीच बांधलेले असतात. उरलेल्या पंचेचाळीस पैशांत रस्ते, पाटबंधारे, शेती, आरोग्य, शिक्षण आणि सर्व कल्याणकारी योजना बसवायच्या असतात. त्या बसल्या नाहीत की कर्ज काढायचे आणि पुढच्या वर्षीचे व्याज वाढवायचे. ज्या राज्याची गणना देशातील अग्रगण्य राज्यांत होते, तेथील ही स्थिती आहे.

यावर सर्वसाधारण समजूत अशी, की सरकारने कर्मचारी फार भरले म्हणून हा खर्च वाढला. वस्तुस्थिती जवळपास उलट आहे. राज्य शासनाच्या मंजूर पदांपैकी दोन लाखांहून अधिक पदे रिक्त असल्याचे अलीकडच्या वर्षांत शासनाच्याच माहितीतून पुढे आले. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त २०२२ मध्ये ७५ हजार पदे भरण्याची घोषणा करावी लागली, ती याच कारणाने. माणसे पुरेशी नाहीत आणि तरीही वेतनाचा बोजा वाढत आहे, असे हे दुहेरी कोडे आहे. ते सोडवायचे तर वेतन वाढते कसे, हे समजून घ्यावे लागते.

शासकीय वेतनाला दोन चाके असतात. पहिले वार्षिक वेतनवाढीचे. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत ती मूळ वेतनाच्या ३ टक्के आहे. दुसरे महागाई भत्त्याचे. तो दर वर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन टप्प्यांत बदलतो. सातवा वेतन आयोग केंद्रात १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, तेव्हा हा भत्ता शून्यापासून मोजायला सुरुवात झाली. जुलै २०२५ मध्ये केंद्राचा दर ५८ टक्क्यांवर पोहोचला. आता हिशेब करून पाहावा. जानेवारी २०१६ मध्ये २० हजार रुपये मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन दहा वेतनवाढींनंतर सुमारे २६ हजार ९०० रुपये होते आणि त्यावर ५८ टक्के भत्ता धरला तर एकूण रक्कम साडेबेचाळीस हजारांच्या आसपास जाते. घरभाडे भत्ता वेगळा. बढती नाही, बदली नाही, टेबल तेच, काम तेच. तरीही दहा वर्षांत त्या पदाचा खर्च दुपटीहून अधिक झाला. यात कर्मचाऱ्याने काही लुटले असे नाही. महागाई भत्ता हा वाढलेल्या किमतींची भरपाई करतो, आणि तीच महागाई खासगी नोकरी करणाऱ्यालाही सोसावी लागते. परंतु तिजोरीच्या दृष्टीने पाहिले तर एकही नवे पद न भरता वेतनावरचा खर्च दशकभरात दुप्पट होण्याची व्यवस्था या रचनेतच आहे. महाराष्ट्राने सातवा आयोग प्रत्यक्षात जानेवारी २०१९ पासून दिला आणि मागची थकबाकीही मान्य केली. आता न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा आयोग केंद्राने नेमला आहे. त्याच्या शिफारशी आल्यावर राज्ये आणि त्यांच्यामागून महापालिका त्याच वाटेने जातील, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही.

निवृत्तिवेतनाचे गणित याहून लांब पल्ल्याचे आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही. त्यांच्यासाठी अंशदानाची योजना आली. तिच्यामुळे बोजा लगेच हलका होईल, असे अनेकांना वाटले होते. परंतु २००५ च्या आधी पंचविशीत सेवेत आलेला माणूस २०३८ च्या सुमारास निवृत्त होणार आणि त्यानंतर त्याला व त्याच्या पत्नीला निवृत्तिवेतन मिळत राहणार. त्याच वेळी नव्या कर्मचाऱ्याच्या खात्यात शासनाला दर महिन्याला आपला वाटा भरावा लागतो. जुन्याचे देणे फिटलेले नाही आणि नव्याचे सुरू झाले आहे, असा हा संक्रमणाचा काळ आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या योजनेसाठी राज्यभर संप झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारण्याचा निर्णय घेतला. म्हातारपणी हातात निश्चित रक्कम असावी, ही मागणी कुणालाही समजेल अशी आहे. मात्र तिची किंमत आजचे मंत्रिमंडळ मोजणार नसून वीस-तीस वर्षांनंतरचे करदाते मोजणार आहेत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

तिसरे कारण अर्थशास्त्रातले आहे आणि ते सहसा बोलले जात नाही. विल्यम बॉमोल या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६० च्या दशकात ते मांडले. कारखान्यात नवे यंत्र आले की तेवढ्याच कामगारांकडून दुप्पट माल निघतो. त्यामुळे कामगाराचा पगार वाढला तरी प्रत्येक नगाचा खर्च वाढत नाही. परंतु परिचारिकेला जखमेवर पट्टी बांधायला पन्नास वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागत असे, तेवढाच आजही लागतो. बालवाडीतील मुलांना अक्षरे गिरवायला शिकवणे, गटार साफ करणे, आग विझवणे ही कामे यंत्राने थोडी सुलभ होतात, पण माणसाची गरज संपत नाही. समाजातील इतर पगार वाढले की या सेवांतील पगारही वाढवावे लागतात, अन्यथा माणसे मिळत नाहीत. शासन आणि नगरपालिका बहुतांशी हीच कामे करतात. म्हणून जो समाज समृद्ध होत जातो, त्याचा प्रशासनावरचा खर्च वाढणारच. त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही.

या तीन कारणांनी खर्चाची नैसर्गिक वाढ समजते. परंतु सगळी वाढ नैसर्गिक नसते. उरलेली वाढ पाहायची असेल तर वसई-विरारइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

२००१ च्या जनगणनेत वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदांची लोकसंख्या मिळून पाच लाखांच्या आत होती. ३ जुलै २००९ रोजी या चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेलेली दिसली. त्यानंतर जनगणना झालीच नाही. २०२१ ची टळली आणि आता १ मार्च २०२७ ही पुढच्या गणनेची संदर्भ तारीख ठरली आहे. त्यामुळे किती लोकांमागे किती सफाई कामगार, किती अभियंते, किती आरोग्यसेविका लागतील, याचा अधिकृत आधार अजूनही २०११ चाच आहे. मधल्या पंधरा वर्षांत नालासोपाऱ्याच्या पूर्वेला आणि विरारच्या डोंगरपायथ्याला किती वस्ती वाढली, हे सकाळी स्थानकावर उभे राहणाऱ्याला आकडेवारीविनाही कळते.

लोकसंख्येबरोबर प्रशासनाचे थरही वाढले. १९९० ते २०१० या काळात या उपप्रदेशाचे नियोजन सिडकोकडे होते. नंतर ते महापालिकेकडे आले. गावे महापालिकेत असावीत की नसावीत, हा वाद पहिल्या दिवसापासून पेटला. २९ गावे वगळण्याचा निर्णय २०११ मध्ये झाला, तो न्यायालयात अडकला आणि अखेर २०२४ मध्ये ती गावे महापालिकेतच ठेवण्याचा निर्णय शासनाने घेतला. तेरा वर्षे त्या गावांची फाईल चालू राहिली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यासाठी जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक, कोषागार आणि पन्नास इतर कार्यालये लागतात. त्यांच्यासाठी सिडकोमार्फत पालघरजवळ नवे मुख्यालय उभारले गेले आणि २०२१ मध्ये ते सुरू झाले. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. पाणी आणण्यासाठी सूर्या प्रकल्पाची नवी योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतली. आज वसईच्या नागरिकाचे घरपट्टीचे काम महापालिकेत, सातबाऱ्याचे काम वसईच्या तहसीलदाराकडे, अपील पालघरला, पोलीस आयुक्तांकडचे काम मीरा रोडला आणि पाण्याच्या मोठ्या योजनेचा निर्णय मुंबईत होतो.

यातील प्रत्येक निर्णयामागे कारण होते. मोखाड्याच्या आदिवासी बांधवाने जिल्ह्याच्या कामासाठी ठाण्यापर्यंत जावे, हे अन्यायाचेच होते. २०११ च्या गणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येतील सुमारे ४५ टक्के माणसे एकट्या वसई तालुक्यात होती, तेव्हा येथे वेगळे पोलीस आयुक्तालय हवे होते, हेही मान्य करावे लागेल. मात्र नवा थर निर्माण करताना जुन्या थराचे कोणते काम कमी झाले, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. नवे कार्यालय येते. जुन्यातील पदे, वाहने, भाड्याच्या जागा आणि नस्ती मात्र तशाच राहतात.

या प्रवृत्तीचे एक इंग्रजी उदाहरण प्रसिद्ध आहे. नॉर्थकोट पार्किन्सन या इतिहासकाराने १९५५ मध्ये ब्रिटिश नौदलाचे आकडे तपासून दाखवले, की १९१४ ते १९२८ या काळात मोठ्या युद्धनौकांची संख्या ६२ वरून २० वर आली, पण नौदलाच्या कचेरीतील अधिकाऱ्यांची संख्या २,००० वरून ३,५६९ वर गेली. नौका घटल्या आणि कचेरी फुगली. त्यांचे म्हणणे असे, की अधिकारी आपल्या हाताखाली माणसे वाढवतात आणि मग ही सगळी माणसे एकमेकांसाठी काम निर्माण करतात. आपल्याकडे एकाच कागदाला सात टेबलांवरून जावे लागते, तेव्हा त्यांतील प्रत्येक टेबलाचा पगार त्या कागदाच्या किमतीत धरावा लागतो.

याच मुद्द्यावर आपल्या परंपरेत डोकावले तर वेगळी दृष्टी दिसते. शिवछत्रपतींच्या राज्यात किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत. वरवर पाहता हा तिप्पट खर्च होता. परंतु प्रत्येकाचे काम ठरलेले होते आणि एकाने फितुरी केली तर दुसरा ती रोखू शकत होता. थर वाढवले ते जबाबदारी निश्चित करण्यासाठी. ती विरून जावी म्हणून नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रात राज्यसेवकांच्या वेतनासाठी महसुलाचा चौथा हिस्सा योग्य मानला आणि सर्वोच्च मंत्र्यापासून शेवटच्या सेवकापर्यंत वेतनश्रेणी लावून दिली. त्यामागचे कारणही त्याने दिले आहे. सेवक असंतुष्ट होऊन शत्रूच्या गळाला लागू नये, एवढे वेतन त्याला मिळाले पाहिजे. खर्चाला मर्यादा हवी आणि सेवकाचे पोटही भरले पाहिजे, या दोन गोष्टी त्या ग्रंथात एकत्र येतात. आजच्या चर्चेत मात्र एक बाजू फक्त मर्यादेबद्दल बोलते आणि दुसरी फक्त पोटाबद्दल.

मर्यादा आजही आहे. महापालिकांचा आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा, असा राज्य शासनाचा दंडक आहे. हेतू चांगला. प्रत्यक्षात तिने एक पळवाट तयार केली. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून आला आणि महापालिकांचा स्थानिक संस्था कर संपला. त्याची भरपाई राज्याकडून मिळते, पण स्वतःच्या उत्पन्नाचा एक मोठा झरा आटला. उत्पन्न मर्यादित आणि वेतनाची चाके फिरतच आहेत, तेव्हा ३५ टक्क्यांच्या आत राहण्याचा सोपा मार्ग म्हणजे कायमची पदे रिक्त ठेवणे आणि त्याच कामासाठी ठेकेदाराकडून माणसे घेणे. ठेक्याची रक्कम पगारपत्रकात दिसत नाही; ती बहुधा सेवा किंवा देखभाल-दुरुस्ती अशा शीर्षकाखाली जाते. कागदावर आस्थापना खर्च आटोक्यात राहतो. तिजोरीतून मात्र कामगाराचे वेतन, भविष्य निर्वाह निधीचा वाटा, राज्य कामगार विम्याचा वाटा आणि वर ठेकेदाराचा सेवा आकार असे सगळे मिळून जाते. कामगाराच्या हातात यातले किती पडते, हा वेगळाच प्रश्न. समाज खर्च करतो पूर्ण आणि त्याला मिळते अर्धे, कारण ठेक्यावरच्या माणसाला नोकरीची हमी नाही, प्रशिक्षण नाही आणि चुकीला जबाबदार धरावे असे पदही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य यंत्रणांकडून मनुष्यबळ घेण्यासंबंधीचा शासन निर्णय निघाला, तेव्हा राज्यभर तरुणांमध्ये असंतोष उसळला आणि पुढच्याच महिन्यात तो रद्द करण्यात आला. निर्णय रद्द झाला. परंतु रिक्त पदे आणि ठेका हे दुष्टचक्र त्यामुळे थांबले, असे म्हणता येत नाही.

सफाईच्या कामात ठेका असणे एक वेळ समजू शकते. बांधकाम परवाना, अनधिकृत बांधकामांवर लक्ष, अग्निसुरक्षा, अन्न व पाण्याची तपासणी ही मात्र शासनाच्या सार्वभौम अधिकाराची कामे आहेत. तेथे नोटीस देणाऱ्याच्या मागे कायद्याचे पद असावे लागते आणि ती न दिल्याबद्दल त्याला जाबही विचारता यावा लागतो. तसे नसले की काय होते, याची किंमत वसई-विरारने पैशांत नव्हे, माणसांत मोजली आहे. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री, घरोघर गणपतीची आरास सुरू असताना, विरार पूर्वेच्या विजय नगरमधील रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळली आणि १७ जणांचा बळी गेला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरी परिसरात, सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवरील ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडाव्या लागल्या आणि हजारो माणसे रस्त्यावर आली. घरासाठी आयुष्यभराची पुंजी घातलेली ही साधी माणसे होती. दोषी कोण, हे तपास यंत्रणा आणि न्यायालये ठरवतील. पण ४१ इमारती एका रात्रीत उभ्या राहत नाहीत. पाया खणला गेला, मजल्यावर मजला चढला, कुटुंबे राहायला आली, तेव्हा त्या विभागात कुणीतरी वेतन घेत होते किंवा ज्याने तेथे असायला हवे होते, त्याचे पद रिक्त होते. दोन्ही स्थितींत समाजाने किंमत दिली. त्या जागेवर व्हायचा सांडपाणी प्रकल्प झाला नाही, इमारती पाडण्याचा खर्च झाला, न्यायालयीन खर्च झाला आणि विस्थापितांचा प्रश्न उभा राहिला. यातला एकही रुपया आस्थापना खर्चात दिसत नाही. प्रशासनाच्या अपयशाचा खर्च प्रशासनाच्या खर्चात कधीच मोजला जात नाही.

येथे मूळ मुद्दा स्पष्ट होतो. वेतनाचा रुपया मोठा आहे की लहान, यापेक्षा त्या रुपयाचा हिशेब कोण मागतो, याला अधिक महत्त्व आहे. वसई-विरार महापालिकेच्या सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर साडेपाच वर्षे प्रशासकाची राजवट होती. अंदाजपत्रक प्रशासनानेच बनवायचे, प्रशासनानेच मंजूर करायचे आणि प्रशासनानेच खर्च करायचे, अशी ती वर्षे गेली. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होऊन ११५ नगरसेवकांचे सभागृह पुन्हा आले. सत्ता कोणत्या पक्षाची आहे, हा प्रश्न या ठिकाणी दुय्यम आहे. त्या ११५ जणांनी अंदाजपत्रकाचे पुस्तक हातात घेऊन काही साधे प्रश्न विचारले, तरी पुष्कळ बदलेल.

पहिला प्रश्न, खरा आस्थापना खर्च किती? कायम कर्मचाऱ्यांचे वेतन, निवृत्तिवेतन, मानधन आणि ठेक्यावरील मनुष्यबळ या चारही रकमा विभागवार एकाच तक्त्यात मांडल्या जाव्यात. मग ३५ टक्क्यांचा आकडा किती खरा आहे, ते कळेल. दुसरा, कोणती पदे रिक्त ठेवून कोणत्या ठेक्यावर किती पैसे जात आहेत? नियमन आणि तपासणीची पदे आधी भरली गेली पाहिजेत. तिसरा, कोणते काम आता करण्याची गरजच उरलेली नाही? शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९८६ मध्ये महाराष्ट्राने शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग केला होता. मागच्या वर्षी खर्च झाला म्हणून यंदाही द्यायचा, हे गृहीत न धरता प्रत्येक योजनेने आपली गरज नव्याने सिद्ध करावी, अशी त्यामागची कल्पना होती. ती पुढे मागे पडली. पण वसईसारख्या नव्या शहरात, जेथे चार नगरपरिषदांचे आणि ५३ ग्रामपंचायतींचे कारभार एकत्र आले, तेथे तिचा पुन्हा विचार होण्यासारखा आहे. लेखापरीक्षणाचा अहवाल सभागृहात वेळेवर मांडला जाणे आणि त्यातील आक्षेपांचा निपटारा होणे, हा चौथा प्रश्न.

कर्मचाऱ्यांच्या बाजूने विचार करतानाही एक आदर्श डोळ्यांसमोर ठेवता येईल. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. देशाच्या हितासाठी काम करायचे आणि त्या कामाचा पूर्ण मोबदला घ्यायचा, अशी भूमिका या संघटनेने घेतली. तिचे दोन्ही भाग तेवढेच महत्त्वाचे आहेत. मोबदल्यात कपात करून कामाची अपेक्षा ठेवणे हा अन्याय, आणि कामाचा विसर पडून मोबदल्याचाच आग्रह धरणे हाही अन्याय. कर्मचारी संघटनांनी वेतन आयोगाच्या मागणीबरोबरच रिक्त पदे, ठेका कामगारांचा भविष्य निर्वाह निधी आणि लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार नागरिकाला ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याची हमी हे विषय हाती घेतले, तर समाजाची सहानुभूती त्यांच्या बाजूला आपोआप येईल. करोनाच्या काळात परिचारिका, सफाई कामगार आणि पोलीस यांनी जे केले, ते लोक विसरलेले नाहीत.

उरला तो समाज. खर्चाबद्दल तक्रार करणारा मध्यमवर्ग आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पहारेकऱ्याच्या पगारापासून पाण्याच्या टाकीच्या सफाईपर्यंत एकेका रुपयाचा हिशेब मागतो. शहराच्या अंदाजपत्रकाचे पान मात्र तो कधी उघडत नाही. आपल्या भाच्याला कुठेतरी चिकटवून देण्यासाठी नगरसेवकाकडे चिठ्ठी मागणारा आणि नोकरभरती फार झाली म्हणून बोटे मोडणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये आला. त्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने आपल्या अधिकाऱ्यांचे अधिकार व कर्तव्ये, त्यांचे मासिक वेतन आणि प्रत्येक विभागाला मिळालेली तरतूद स्वतःहून जाहीर करणे बंधनकारक आहे. त्यासाठी अर्जही करावा लागत नाही. एखाद्या वस्तीतील चार-पाच कार्यकर्त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ आपल्या प्रभागाची ही माहिती वाचण्यासाठी दिली, कोणत्या अभियंत्याकडे कोणता विभाग आहे हे समजून घेतले आणि वस्तीत नव्याने उभ्या राहणाऱ्या इमारतीचा परवाना वेळीच पाहिला, तर ते मोठ्या आंदोलनाइतकेच मोलाचे काम होईल. विजय नगरसारखी रात्र पुन्हा येऊ नये, यासाठी एवढे तरी करणे समाजाच्या हातात आहे.

विरार लोकलमधील ते दोन प्रवासी उद्याही एकाच डब्यात असतील. एकाने कर भरला आहे आणि दुसऱ्याने काम करायचे आहे. वेतनाच्या आकड्यावरून त्यांनी एकमेकांशी भांडण्यापेक्षा, दोघांनी मिळून आपल्या शहराच्या अंदाजपत्रकातील एक पान एकत्र वाचावे. हिशेब मागण्याची सवय समाजाला लागली, तर हिशेब देण्याची सवय शासनाला लावून घ्यावीच लागेल.